रिकामी घरे आणि भाडेकरूची अगतिकता

२०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. पुढच्याच वर्षी, बाराव्या पंचवार्षिक योजनेसाठी नेमलेल्या तांत्रिक गटाने नागरी घरांचा तुटवडा १ कोटी ८७ लाख ८० हजार असल्याचा अंदाज मांडला. त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक वाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटांचा होता. घरे आहेत आणि घरे नाहीत, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी ठरतात, हा नागरी निवाऱ्याचा मूळ प्रश्न होय.

एक साधे गणित पाहू. सदनिकेची किंमत ६० लाख रुपये आहे असे मानू. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० ते ७५ लाखांपर्यंतचे गृहकर्ज मालमत्तेच्या मूल्याच्या ८० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. म्हणजे १२ लाख रुपये पदरचे हवेत. मुद्रांक शुल्क व नोंदणी खर्च वेगळाच. उरलेल्या ४८ लाखांवर साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी दरमहा सुमारे ४१ हजार ७०० रुपये हप्ता पडतो. याच सदनिकेचे वार्षिक भाडे तिच्या किमतीच्या ३ टक्के धरल्यास ते महिना १५ हजार रुपये होते, आणि आपल्या महानगरांत भाड्याचे प्रमाण साधारणतः याच्याच आसपास असते.

मग भाड्याने राहणे हाच शहाणपणाचा पर्याय नव्हे काय? केवळ आकडे पाहिले तर अनेकदा आहे. परंतु भाडेकरू घराबरोबर अस्थैर्यही घेतो. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने अनिवार्य असल्याने देशभर अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा रुजली. दर अकरा महिन्यांनी भाडेवाढ वा स्थलांतर, मुलांची शाळा बदलणे, नवी अनामत रक्कम भरणे या चक्रात बचत साठत नाही. आणि बचत नसल्याने ते १२ लाख कधी उभे राहत नाहीत. परीक्षेच्या तयारीसाठी परगावी खोली घेऊन राहणाऱ्या वाचकांना हे अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नसावी.

मालकाची बाजूही समजून घ्यावयास हवी. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १९४० च्या पातळीशी बांधले. युद्धोत्तर टंचाईत हा उपाय समर्थनीय होता. पण तो पाच दशके टिकला. दुरुस्तीस पुरेल इतकेही भाडे न मिळाल्याने इमारती जीर्ण झाल्या, पागडी फोफावली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या या तरतुदी कालबाह्य व अवाजवी ठरविल्या आणि १९९९ मध्ये महाराष्ट्राने नवा कायदा केला. मात्र ‘एकदा घर दिले की परत मिळत नाही’ ही धास्ती कायम राहिली. ३ टक्के उत्पन्नासाठी ती जोखीम पत्करण्यापेक्षा घराला कुलूप लावून किंमत वाढण्याची वाट पाहणे अनेकांना सोयीचे वाटते. रिकाम्या घरांचे एक मोठे कारण हेच आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेकरार कायदा या अविश्वासावर उतारा शोधतो. लेखी करार, निवासी जागेसाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत आणि तंटे सोडविण्यासाठी स्वतंत्र भाडे प्राधिकरण, न्यायालय व न्यायाधिकरण या त्यातील प्रमुख तरतुदी होत. परंतु हा विषय राज्यांच्या अखत्यारीत असल्याने हा केवळ नमुना आहे, आणि तो स्वीकारणारी राज्ये मोजकीच आहेत.

शासकीय गृहनिर्माण धोरणाचा भर दीर्घकाळ मालकीच्या घरावरच राहिला. २०२० च्या परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांच्या योजनेने स्थलांतरित श्रमिकांचा विचार केला आणि २०२४ च्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये भाड्याच्या घरांना स्वतंत्र स्थान मिळाले. तथापि झोपडपट्टीत तोंडी बोलीवर खोली घेणाऱ्या मजुराजवळ करारच नसतो; आणि लेखी कराराभोवती रचलेल्या कोणत्याही कायद्याचे दार त्याच्यासाठी आज तरी बंदच आहे.