करजगावचे रेव्हरंड टिळक

मराठी ख्रिस्ती उपासनेत टाळ-चिपळ्या आणि अभंग दिसले, की रत्नागिरी जिल्ह्याच्या एका सुपुत्राची आठवण काढायलाच हवी. रेव्हरंड नारायण वामन टिळक! जन्म दापोली तालुक्यातल्या करजगावचा, 1861 सालचा, चित्पावन ब्राह्मण घरातला.

नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी त्यांच्या गप्पा रंगल्या. उतरताना त्याने हाती 'नवा करार' ठेवला. टिळकांनी तो वाचायला घेतला आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी त्यांचं मन गुंतलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्याची झळ घरालाही बसली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं माहेरच्या माणसांत राहिल्या. एकत्र आल्यावरही त्यांनी आपलं सोवळं सोडलं नव्हतं. पुढे त्यांचं मन आपणहून वळलं आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगरच्या त्यांच्या घरात अडल्यानडल्यांना आसरा असे. कवी बालकवीही तिथे राहिले.

धर्म बदलला तरी टिळकांनी ज्ञानोबा-तुकोबांना अंतर दिलं नाही. ख्रिस्तभक्ती त्यांनी अभंगांत आणि कीर्तनांत आणली. 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकातून लिहिलं आणि 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य रचायला घेतलं. 1917 मध्ये ख्रिस्ती मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय उभारायला घेतला. 1919 मध्ये ते गेले. अपुरं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

या संसाराची सगळी हकिकत लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे. कोकणातल्या प्रत्येक वाचकाने ती जरूर वाचावी!