राउटर, प्रिंटर आणि एका आईची पिशवी

स्मरणिकेच्या संपादकांनी या वर्षी लेख मागितला, तेव्हा बालकांच्या आहारावर किंवा लसीकरणावर मी काही लिहावे अशी त्यांची अपेक्षा असणार. परंतु गेल्या काही महिन्यांत समाजातील तीन-चार डॉक्टर मित्रांनी मला एकच प्रश्न विचारला : “घर आणि दवाखाना मिळून एक वायरलेस राउटर घ्यायचा आहे. प्रिंटर सर्वांना वापरता यावा आणि नोंदींची प्रतही त्यावरच राहावी. कोणता घ्यावा?” मी संगणकतज्ज्ञ नव्हे. मात्र या प्रश्नाचे चुकीचे उत्तर मी स्वतः एकदा देऊन बसलो आहे आणि त्याची झळ माझ्या रुग्णांना लागली आहे. त्या अधिकाराने हे चार शब्द लिहीत आहे.

आदिलाबादेत आपल्यापैकी बहुतेकांची रचना सारखीच असते : खाली दवाखाना, वर घर. २००९ साली मी मोठ्या हौसेने एक राउटर आणला. त्याच्या पाठीमागे यूएसबीचे एक छिद्र होते. त्यात जोडणी वाढवून प्रिंटर आणि हार्ड डिस्क दोन्ही लावले. वरून मुलगा शाळेचा प्रकल्प छापी, खालून मी प्रिस्क्रिप्शन. रुग्णांच्या सर्व नोंदी त्या डिस्कवर ठेवल्या आणि संगणकात जागा हवी म्हणून मूळ नोंदी पुसून टाकल्या. ‘बॅकअप आहे ना’ असे मी स्वतःला सांगत असे. वस्तुतः तो बॅकअप नव्हताच. ती एकुलती एक प्रत होती. फक्त तिची जागा बदलली होती.

२०१३ च्या जूनमध्ये एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. त्या काळी इंटरनेट टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येत असे. जवळच वीज पडली. दुसऱ्या दिवशी राउटर मृत होता आणि डिस्कमधून केवळ टकटक ऐकू येत होती. हैदराबादच्या एका तंत्रज्ञाकडे ती पाठविली. त्यानेही हात टेकले. चार वर्षांच्या वाढीच्या नोंदी, लसींच्या तारखा, औषधांच्या मात्रा, सारे गेले.

पुढच्याच आठवड्यात बेला भागातील एक आई आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाला नेफ्रॉटिक सिंड्रोम होता. चेहरा पुन्हा सुजला होता. या आजारात वर्षभरात तो किती वेळा उलटला आणि स्टेरॉइड किती दिवस दिले, यावर पुढचा उपचार ठरतो. मी ओशाळून म्हणालो, “ताई, माझ्याकडच्या नोंदी नष्ट झाल्या.” ती शांतपणे म्हणाली, “साहेब, तुमच्या मशिनीत नसलं तं नसू द्या, माह्या पिशवीत हाये.” कापडी पिशवीतून तिने एकेक कागद काढला : माझ्या चिठ्ठ्या, नागपूरचे डिस्चार्ज कार्ड आणि लघवीतील प्रथिनांच्या रोजच्या तपासणीची, तिने स्वतः भरलेली वही. त्या वहीवरूनच मी त्या दिवशी उपचार ठरविला. मात्र सगळ्याच मुलांच्या आयांकडे अशी पिशवी नव्हती. झटके येणाऱ्या एका मुलीच्या औषधाची मात्रा मला जवळजवळ पहिल्यापासून ठरवावी लागली, आणि त्या काळात तिला दोनदा झटके आले. ते मी विसरलेलो नाही.

त्या पिशवीने मला शिकविले की, पोचविणे, छापणे आणि जपून ठेवणे ही तीन वेगळी कामे आहेत. एका डब्यात ती कोंबता येतात. परंतु तो डबा बिघडला की तिन्ही एकदम जातात. प्रसिद्ध कंपन्यांनाही हा मोह झाला होता. ॲपलने २००८ साली ‘टाइम कॅप्सूल’ या नावाने राउटर आणि डिस्क एकत्र असलेले उपकरण आणले. २०१८ मध्ये ते बंद केले. तेव्हा तिन्ही कामांचा स्वतंत्र विचार करू.

पोचविणे

आज फायबर जोडणीबरोबर मिळणारा डबा बहुधा स्वतःच राउटर असतो. आधी तोच पुरतो का, ते पाहावे. राउटरच्या लहरींचे मुख्यतः दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूरवर जातो, भिंतीही बऱ्यापैकी ओलांडतो, पण त्यावर शेजाऱ्यांची गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, परंतु स्लॅब आणि जाड भिंतीपुढे तो लवकर थकतो. म्हणून वरच्या मजल्यावरील एकाच महागड्या राउटरकडून खालच्या दवाखान्यातही उत्तम सेवा मिळेल, अशी अपेक्षा करू नये. खाली एक साधी तार ओढावी. दवाखान्याचा मुख्य संगणक तारेनेच जोडावा आणि फोनसाठी तेथे दुसरे छोटे प्रक्षेपक उपकरण बसवावे. राउटर लोखंडी कपाटामागे किंवा जमिनीवर ठेवू नये.

खोक्यावर छापलेल्या मोठ्या आकड्याला भुलू नये. तो सर्व पट्ट्यांच्या सैद्धान्तिक वेगांची बेरीज असतो. त्याऐवजी मागची तारेची छिद्रे गिगाबिट आहेत का, ते विचारावे. १०० मेगाबिटच्या छिद्रातून सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट जातात. म्हणजे १०० गिगाबाइटची प्रत काढण्यास सव्वादोन तास लागतात. गिगाबिटवर, डिस्क तेवढी वेगवान असल्यास, हे काम पाव तासात होते.

छापणे

प्रिंटर राउटरच्या यूएसबीला लावण्याचे दिवस सरले. तशा जोडणीत छपाई होते, पण स्कॅनिंग बहुधा होत नाही. ज्यात वाय-फाय किंवा तारेची जोडणी आधीच आहे, असाच प्रिंटर घ्यावा. ‘वीज गेली, परत आली आणि प्रिंटर सापडेना’ ही तक्रार आपण रोज ऐकतो. राउटर प्रत्येक उपकरणाला एक क्रमांक देतो आणि वीज गेल्यावर तो बदलू शकतो. राउटरमध्ये प्रिंटरसाठी तो क्रमांक कायमचा राखून ठेवला की तक्रार बहुतेक मिटते. शिवाय प्रिंटर प्रतीक्षाकक्षात ठेवू नये. एकाचा अहवाल दुसऱ्याच्या हाती पडणे हा आपल्या व्यवसायातील दोष आहे, यंत्राचा नव्हे.

जपून ठेवणे

राउटरला लावलेली डिस्क घरातील छायाचित्रे, गाणी सर्वांनी पाहण्यास सोयीची आहे. रुग्णांच्या नोंदींसाठी तिच्यावर विसंबू नये. यूएसबीतून तिला वीज बेताची मिळते आणि आपल्याकडील विजेच्या लपंडावात ती लिहिता लिहिता बंद पडते. दोन डिस्कचे स्वतंत्र साठवण-उपकरण त्याहून बरे. एक डिस्क बिघडली तरी दुसरीवर तेच असते. परंतु येथेही सावध राहावे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीवरून त्याच क्षणी पुसली जाते.

खंडणीखोर विषाणूचेही तसेच. तो संगणकातील फाइली कुलूपबंद करून पैसे मागतो आणि जोडलेल्या प्रत्येक डिस्कपर्यंत पोचतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर असा हल्ला झाला, तेव्हा त्या महान संस्थेतही कित्येक दिवस नोंदणी हाताने लिहून करावी लागली. तेव्हा एक प्रत अशी हवी की जी कशालाच जोडलेली नाही.

यासाठी ‘तीन-दोन-एक’ हा सोपा नियम आहे : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या वास्तूत. त्या आईची पिशवी ही माझी दुसऱ्या वास्तूतली प्रत होती. मला मात्र ते ठाऊक नव्हते.

कुलूप

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ साली एका नामांकित राउटर कंपनीविरुद्धचे प्रकरण तडजोडीने मिटविले. त्या कंपनीच्या राउटरांना लावलेल्या १२,९०० हून अधिक डिस्क घुसखोरांना उघड्या सापडल्या होत्या. ‘घरची डिस्क जगात कोठूनही पाहा’ ही सोय म्हणजे मागचे दार असू शकते. ती बंद ठेवावी. राउटरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ हीच सुरक्षा निवडावी आणि ज्या राउटरला कंपनी अद्ययावत प्रणाली पुरवीत नाही तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. रुग्णांच्या नातेवाइकांना वाय-फाय द्यायचेच असेल तर पाहुण्यांचे वेगळे जाळे द्यावे.

हे केवळ सोयीचे नव्हे, कर्तव्याचे आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागणी झाल्यास ७२ तासांत देणे आपल्यावर बंधनकारक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती सांभाळण्याची जबाबदारी अधिक स्पष्ट केली आहे. आपल्या जिल्ह्यात तर याला आणखी एक पदर आहे. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आपल्याच जिल्ह्यात होते. राज्यांची सीमा बदलली, माणसांची ये-जा बदलली नाही. पैनगंगेपलीकडून येणाऱ्या बाळाची एक लस तिकडे होते, दुसरी इकडे. त्या बाळाचा सलग इतिहास पुष्कळदा फक्त आपल्या संगणकात आणि त्याच्या आईच्या पिशवीत असतो.

आज माझ्याकडे मध्यम किमतीचा राउटर आहे, यूपीएसवर. प्रिंटर वेगळा. रोज रात्री नोंदींची प्रत वरच्या मजल्यावरील दोन डिस्कच्या उपकरणावर जाते. दर शनिवारी एका सुट्या डिस्कवर, पासवर्डने कुलूपबंद करून, तिसरी प्रत निघते. अशा दोन डिस्क आलटून-पालटून वापरतो. एक नेहमी गावाच्या दुसऱ्या टोकाला मेहुण्यांच्या कपाटात असते. पासवर्ड लिहिलेला लिफाफा पत्नीकडे आहे.

आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीतून कोणत्याही पाच मुलांच्या नोंदी मी उघडून पाहतो. आपण प्राथमिक आरोग्य केंद्रात शिकलोच आहोत की, फ्रिज चालू आहे म्हणजे लस चांगली आहे असे नव्हे. दिवसातून दोनदा तापमान वाचावे लागते. न उघडून पाहिलेली प्रत ही तापमान न पाहिलेल्या लसीसारखीच.

तो मुलगा आता महाविद्यालयात जातो. त्याचा आजार शमला आहे. मध्यंतरी आईसोबत भेटायला आला, तेव्हा मी त्याच्या सर्व नोंदी छापून तिच्या हाती दिल्या. तिने कागद मोजले, नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवले. मित्रहो, राउटर कोणताही घ्या. पण दवाखान्यातून जाणाऱ्या प्रत्येक आईच्या पिशवीत एक स्पष्ट छापलेला कागद जाईल, एवढे अवश्य पाहा.