शरीरात काय मोजायचे?

राष्ट्रीय जैवनिरीक्षणात माणसाच्या रक्तात किंवा लघवीत कोणती रसायने मोजायची, हे ठरवताना विषारीपणा, संपर्कात येणारी लोकसंख्या, शरीरातला मुक्काम आणि खात्रीची चाचणी पाहतात. तेल्हाऱ्यासारख्या कापसाच्या तालुक्यात पहिला विचार फवारणीच्या औषधांचा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर राज्याने मोनोक्रोटोफॉससह काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली.

मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधे बहुधा काही दिवसांतच लघवीवाटे निघून जातात. उन्हाळ्यात घेतलेला नमुना त्यामुळे जवळपास वायाच. तो फवारणीच्या हंगामातच हवा. शिवाय मोनोक्रोटोफॉसपासून बनणारे डायमिथिल फॉस्फेट इतरही औषधांपासून बनते, म्हणून नेमके औषध कळत नाही. प्रोफेनोफॉस या दुसऱ्या औषधापासून बनणारे ब्रोमोक्लोरोफिनॉल त्यामानाने जास्त नेमके. डीडीटीपासून झालेले डीडीई मात्र चरबीत वर्षानुवर्षे टिकते आणि रक्तात केव्हाही सापडते.

फवारणीनंतर प्रश्न पाण्याचा: तेल्हारा पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात येतो. तिथल्या भूजलातले क्षार विहिरीच्या पाण्यातच मोजणे सोपे, आणि पुरेसेही. मूत्रपिंडाला घातक शिसे व कॅडमियम यांना मात्र यादीत जागा हवी: शिसे रक्तात, कॅडमियम लघवीत.