‘काइंड’ : एका इंग्रजी शब्दाचा अर्थविचार

इंग्रजीत ‘काइंड’ हा शब्द दोन कामे करतो. नाम म्हणून तो ‘प्रकार’ दाखवितो, तर विशेषण म्हणून ‘दयाळू’, ‘मायाळू’ असा अर्थ देतो. हे केवळ उच्चारसाम्य असावे असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु शब्द मुळात एकच आहे आणि ‘स्वाभाविक’ हाच त्या विशेषणाचा मूळ अर्थ होय.

जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘ये’ या उपसर्गासह येई. नामाचा अर्थ जन्मजात स्वरूप, निसर्ग, वंश, विशेषणाचा ‘जन्मसिद्ध’. आप्तवाचक ‘किन’ हा त्याचा निकटचा सगोत्र. दोहोंच्या मुळाशी असलेला धातू संस्कृतात ‘जन्’ या रूपाने आढळतो. लॅटिन ‘गेनुस’ व ग्रीक ‘गेनोस’ हेही त्याच कुळातले. तेथील ‘ग’काराच्या जागी जर्मानिक भाषांत ‘क’कार यावा, हा याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेल्या ध्वनिनियमाचाच दाखला. ‘जेंटल’ आणि ‘जेनरस’ हे शब्दही लॅटिनमार्गे याच धातूपासून आले आहेत. मात्र त्यांत कुळाचा मोठेपणा बोलतो. ‘काइंड’मध्ये प्राधान्याने नुसते कूळ.

रक्ताच्या माणसांशी माणूस ज्या मायेने वागतो, ते वागणे जन्मसिद्ध. मध्ययुगीन इंग्रजीत हा अर्थ आप्तांची मर्यादा ओलांडून परक्यांपर्यंत पोहोचला. जुना अर्थ मात्र लगेच मेला नाही. लँग्लंडच्या चौदाव्या शतकातील ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात ‘काइंड’ हे साक्षात निसर्गाचे पात्र आहे. १६६२ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात भूमीच्या फळांना ‘काइंडली’ म्हटले आहे. तेथे फळांची दयाबुद्धी अभिप्रेत नसून निसर्गधर्मानुसार येणारी फळे असा अर्थ आहे.

शेक्सपिअर या दोन अर्थांच्या सीमेवर उभा आहे. हॅम्लेटचे पहिलेच वाक्य ‘किन’ व ‘काइंड’ यांवरील कडवट कोटी आहे. लिअर वादळात आपल्या मुलींना ‘अनकाइंड’ म्हणतो, तेव्हा ‘निर्दय’ हा मराठी प्रतिशब्द निम्माच अर्थ पकडतो. निर्दय कोणी परकाही असू शकतो. मुलींनी येथे रक्ताचा धर्मच मोडला आहे.

‘दया’ हा शब्द ज्या ‘दय्’ धातूपासून आला, त्याच्या अर्थांत ‘वाटून देणे’ हाही एक आहे. म्हणजे वाट निराळी. ‘सौजन्य’ हा ‘सुजन’ शब्दाद्वारे ‘जन्’पर्यंत पोहोचतो खरा, पण त्यातील चांगुलपणा ‘सु’ने आणलेला आहे आणि रूढ अर्थ शिष्टाचाराकडे झुकला आहे. ‘आपला’पासून झालेली ‘आपुलकी’ त्याहून जवळची, कारण तिचाही प्रवास स्वकीयांकडून परकीयांकडे झाला आहे. तथापि लिअरच्या त्या स्थळी तीही तोकडी पडते. तेथे विशेषणाच्या शोधात न पडता ‘पोटच्या पोरी’ एवढेच म्हटले, तर अनुवादकाचे बरेचसे काम साधेल.