बँक बंद, पब चालू

जावयाबरोबर बारमध्ये बसण्याचा प्रसंग आपल्यावर येईल, असे मला कधी वाटले नव्हते. आमच्या वेळी सासऱ्यासमोर पान खातानासुद्धा जावई तोंड फिरवायचा. पण लेक-जावई नोकरीनिमित्त डब्लिनला, आम्ही दोघे दोन महिन्यांसाठी त्यांच्याकडे पाहुणे, बाहेर सदानकदा झिमझिम पाऊस, आणि नातवाला शाळेत सोडणे-आणणे एवढे वगळले तर मला उद्योग नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी जावई म्हणाला, "बाबा, डब्लिनला येऊन गिनेस न घेता परत जायचं म्हणजे पंढरपूरला जाऊन..." लेकीने डोळे वटारले, तशी त्याने उपमा अर्धवट सोडली. सौ. म्हणाली, "जा, पण जेवायला वेळेवर या." झाले. शासकीय मंजुरी मिळाली.

मी दारूला शिवलेलो नाही, असा माझा दावा नाही. बँकेच्या नोकरीत वरचे साहेब आले की हातात ग्लास धरून उभे राहावे लागे, आणि तो तसाच भरलेला ठेवण्याची कला मला साधली होती. पण बार म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे येते ती आपली परमिट रूम. काळ्या काचा, दाराला पडदा, आत मिणमिणता दिवा, आणि आत शिरण्यापूर्वी मागे वळून पाहणारा माणूस. १९४९च्या दारूबंदी कायद्याने आपल्याकडे दारू पिण्याला परवाना लागू केला. कागदोपत्री तो आजही लागतो. म्हणून 'परमिट'. कायद्याचे सोडा, पण लपून करायची गोष्ट हा शिक्का आपल्या पांढरपेशा मनावर कायमचा बसला.

पूलबेग स्ट्रीटवरच्या 'मलिगन्स'मध्ये पाऊल ठेवले तेव्हा मीही सवयीने मागे वळून पाहिलेच. १८५४पासून त्या जागी असलेला हा पब. काळपट लाकूड, झिजलेला काउंटर, धुराने पिवळी पडून तशीच राहिलेली भिंत. धूर मात्र आता नाही. २९ मार्च २००४ रोजी आयर्लंडने कामाच्या सर्व ठिकाणी धूम्रपानाला बंदी घातली, आणि असे करणारा तो पहिला देश. पलीकडेच 'आयरिश प्रेस' या दैनिकाची कचेरी होती. १९९५ साली ते बंद पडेपर्यंत पत्रकारांचा राबता इथेच असे.

स्टाउट ओतण्याचा एक विधी आहे. बारमन ग्लास तिरपा धरतो, पाऊण भरतो आणि चक्क बाजूला ठेवून दुसऱ्या कामाला लागतो. पहिल्यांदा मला वाटले, हा आपल्याला विसरला. जावई हळूच म्हणाला, "बाबा, थांबायचं असतं." मातकट रंगाचे ते पेय आतल्या आत ढवळत असते. काचेलगतचे बुडबुडे वर जाण्याऐवजी खाली जाताना दिसतात. मधले वर चढतात आणि कडेचे त्या प्रवाहाबरोबर खाली ओढले जातात. ही नायट्रोजन वायूची किमया. १९५९ साली गिनेसमध्ये तो वापरात आला, म्हणून फेस साईसारखा घट्ट बसतो. दोनएक मिनिटांनी खाली काळे आणि वर पांढरे अशी स्वच्छ रेघ उमटते. मग बारमन येतो, उरलेला पाव भाग भरतो आणि ग्लास पुढे सरकवतो. तो काळा रंगही खरा काळा नाही. दिव्यासमोर धरला तर गर्द माणकासारखा लाल दिसतो. सातू भट्टीत करपेपर्यंत भाजल्यामुळे तो येतो. चवही तशीच. तव्यावर जरा जास्त राहिलेल्या भाकरीचा पापुद्रा आणि बिनसाखरेची कॉफी यांच्या मधली. पहिल्या घोटाला मी तोंड वाकडे केले. तिसऱ्या घोटाला वाटले, बरी आहे की. मद्यार्काचे प्रमाण चार टक्क्यांच्या थोडे वर, म्हणजे जेवायला वेळेवर पोहोचणे शक्य.

याच गिनेसच्या मूळपुरुषाने, आर्थर गिनेसने, १७५९ साली जागा भाड्याने घेतली ती ९ हजार वर्षांच्या करारावर, वर्षाला ४५ पौंड भाड्याने. बँकेच्या पॅनलवरच्या आमच्या वकिलांनी हा भाडेपट्टा तारण म्हणून पाहिला असता, तर ते रजेवर गेले असते. (कंपनीने पुढे ती जमीन विकतच घेतली, पण करारपत्र मात्र जपून ठेवले आहे.)

इथे 'राउंड'ची पद्धत आहे, ती सांगायला हवी. तिघे बसले तर पहिला तिघांचे पैसे देतो, मग दुसरा तिघांचे, मग तिसरा. कोणी वही ठेवत नाही, पण कोणाची पाळी आहे हे सगळ्यांना पक्के ठाऊक असते. स्वतःची पाळी आली की ज्याला नेमका फोन येतो, त्याला लोक विसरत नाहीत. अर्धा पाइंट मागायचा असेल तर नुसते 'ग्लास' म्हणायचे, हे मी लगेच शिकून घेतले.

याच 'मलिगन्स'मध्ये जेम्स जॉइसने 'डब्लिनर्स' या संग्रहातल्या एका कथेचा काही भाग घडवला आहे. वकिलाच्या कचेरीतला एक कारकून, दिवसभर साहेबाची बोलणी खाल्लेला. तो घड्याळ गहाण टाकतो, आलेल्या सहा शिलिंगांत मित्रांना पाजतो, इथे एका पोराकडून पंजा लढवण्यात हरतो, आणि घरी जाऊन आपल्या लहान मुलाला काठीने मारतो. १९१४ साली पुस्तकरूपाने आलेली ही गोष्ट मी तरुणपणी वाचली होती. त्या मुलाचे रडणे माझ्या डोक्यातून गेलेले नाही. पबच्या गमतीजमती लिहिणाऱ्यांनी हे लहान मूल विसरू नये, म्हणून मध्येच सांगितले.

दुसऱ्या खेपेला सौ. आणि लेकही आल्या. बॅगट स्ट्रीटवरच्या 'टोनर्स'मध्ये दाराजवळ एक लाकडी खोली आहे, जेमतेम सहा-सात माणसे मावतील एवढी. तिला 'स्नग' म्हणतात. पूर्वी पबमध्ये उघड बसणे बायकांना शोभत नसे, म्हणून ही सोय. आत बसायचे आणि काउंटरकडच्या छोट्या खिडकीतून ग्लास घ्यायचा. पुढे बायका बाहेर बसू लागल्या, तरी कित्येक पबांत त्यांना पूर्ण पाइंट देत नसत, अर्धाच मिळे. असा भेदभाव कायद्याने बंद झाला तो २००० साली. सौ.ने लिंबाचे सरबत घेतले, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाली, "आपल्याकडे माजघर होतं, यांच्याकडे हे. खिडकी मात्र बरी ठेवलीय."

पण मला खरे सांगायचे आहे ते तिसऱ्या पबबद्दल.

ग्लासनेव्हिनची दफनभूमी १८३२ सालची. तिच्या भिंतीला लागून पुढच्याच वर्षी एक पब निघाला. तो कॅव्हना घराण्याकडे सासऱ्याकडून जावयाकडे आला, असे माझ्या जावयाने मुद्दाम सांगितले. लोक त्याला 'ग्रेव्हडिगर्स' म्हणजे कबर खोदणाऱ्यांचा पब म्हणतात. कामावरचे मजूर भिंतीवर खोऱ्याने ठोकून पाइंट मागवत, अशी दंतकथा आहे. आत ना गाणे, ना टीव्ही. रविवारी दुपारी आम्ही गेलो तेव्हा फक्त बोलण्याचा आवाज होता, आपल्याकडे लग्नघरात जेवणे झाल्यावर असतो तसा.

शेजारच्या बाकावर पंच्याहत्तरीचे एक गृहस्थ होते. मी कोण, कुठला, काय करत होतो, अशी चौकशी झाली. बँकेत होतो म्हटल्यावर ते मोठ्याने हसले. म्हणाले, "म्हणजे आपण एकाच धंद्यातले. मीही साडेसहा महिने बँकर होतो."

झाले होते ते असे. पगाराच्या वादावरून १ मे १९७० रोजी आयर्लंडमधल्या प्रमुख बँकांना कुलपे लागली, ती १७ नोव्हेंबरला उघडली. देशाची वस्ती तीस लाखांच्या आत, आणि खात्यातला पैसा साडेसहा महिने खात्यातच अडकलेला. आपल्याकडे दोन दिवसांचा संप झाला तरी पेपरात मथळे येतात. इथे अनर्थ व्हायला हवा होता. पण लोक एकमेकांना चेक लिहून देऊ लागले. तो चेक घेणारा पाठीमागे सही करून पुढच्याला देई आणि पुढचा आणखी पुढच्याला. वटणार कधी, कोणालाच माहीत नाही. मग हा चेक खरा की खोटा, हा माणूस फेडणारा की बुडवणारा, हे ठरवायचे कोणी? ते ठरवले दुकानदारांनी आणि पबवाल्यांनी. आंत्वान मर्फी या डब्लिनच्या अर्थशास्त्रज्ञाने पुढे १९७८ साली यावर निबंध लिहिला. त्या वेळी देशात अकरा-बारा हजार पब होते. ज्या माणसाला तुम्ही वर्षानुवर्षे पेय देता, त्याची ऐपत आणि नियत तुम्हाला कोणत्याही बँकेपेक्षा जास्त ठाऊक असते.

हे गृहस्थ तेव्हा विशीतले, लिफी नदीच्या उत्तरेकडच्या एका पबात बारमन. मजूर पगाराचे चेक आणत आणि हे गल्ल्यातली रोकड देत. चेकबुके संपल्यावर साध्या कागदावरही लिहून घेतले. सगळे कागद बिस्किटांच्या डब्यात. मी बँकेच्या सवयीने विचारले, "बुडाले किती?" ते म्हणाले, "दोन. दोन्ही चांगल्या कोटातली माणसं."

मला २०१६चा नोव्हेंबर आठवला. ८ तारखेला रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, आणि दुसऱ्या दिवसाच्या सुट्टीनंतर आमच्या शाखेसमोर जी रांग लागली ती आठवडेच्या आठवडे हटली नाही. तेव्हाही गावोगावच्या किराणावाल्यांनी वहीत नावे मांडून माल दिला. त्यांना कोणी तारण विचारायला शिकवले नव्हते.

मग त्या गृहस्थांनी एक गोष्ट सांगितली. एक गवंडी होता. "त्याचा चेक मी कितीही रकमेचा घेतला असता. पण आठ वाजल्यानंतर त्याला पाइंट देत नव्हतो. त्याची बायको-पोरं मला माहीत होती." मी म्हणालो, "म्हणजे तुमचा त्याच्यावर विश्वास नव्हता." ते जरा रागावलेच. म्हणाले, "अहो, ही दोन वेगळी खाती आहेत."

यावर मला काही बोलता आले नाही, कारण मला तात्या आठवले होते.

१९९१ साली मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेत मॅनेजर होतो. वय बत्तीस, आणि नियमांची पुस्तके पाठ. तात्या आमचे हेडकॅशियर, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. सगळ्या नोकरीत त्यांच्या कॅशमध्ये रुपयाचा फरक आला नव्हता. बँक सुटली की त्यांची सायकल थेट देशी दारूच्या दुकानाकडे वळे. गावाला ते माहीत होते. त्यांच्या घरी तर होतेच. पगाराच्या दिवशी त्यांची बायको बँकेच्या दाराशी येऊन उभी राहायची, आत यायची नाही.

एकदा एका द्राक्षबागायतदाराचे कर्जप्रकरण टेबलावर होते. तात्या म्हणाले, "साहेब, ह्याला देऊ नका." मी म्हटले, "का? सातबारा कोरा आहे, दोन जामीनदार आहेत." ते म्हणाले, "कागद चांगलेच हाईत. पण तीन वर्षं बघतोय, ह्यो गडी कधी सवताच्या खिशातनं पाजत नाही." मी हसलो. शाखेत ही गोष्ट विनोद म्हणून सांगितलीसुद्धा. दुसऱ्या एकाला वेल्डिंगच्या यंत्रासाठी आठ हजार हवे होते. त्याच्याबद्दल तात्या म्हणाले, "ह्याला द्या. ह्याची उधारी सात तारखेला फिटतीच." त्याला जामीनदार नव्हता. मी नाही म्हटले. बागायतदाराचे कर्ज दोन वर्षांत थकले आणि शेवटी बुडीत खात्यात गेले. वेल्डिंगवाल्याने सावकाराकडून पैसे घेतले, फेडले, आणि स्टँडजवळ दुकान टाकले. तिथून जाताना मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जात असे.

१९९३ साली तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला जेवणाच्या सुट्टीनंतर तात्यांच्या तोंडाला वास आला. माझा अहवाल मागवला गेला. मी लिहिले, "मद्यपानाच्या सवयीमुळे रोकड हाताळण्यास अयोग्य." त्यात एक शब्द खोटा नव्हता. आज लिहायला सांगितले तरी बहुधा हेच लिहीन. पण त्या कागदावर आणखी दोन ओळींना जागा होती. या माणसाची कॅश कधी चुकली नाही आणि ऋणकोची पारख याच्याइतकी मला नाही, हे मला माहीत असून मी लिहिले नाही. तात्यांना कॅशवरून काढले आणि दूरच्या एका शाखेत टपालाच्या टेबलावर बसवले. ते पाकिटांवर तिकिटे चिकटवत. संध्याकाळचे पिणे दुपारपासून सुरू झाले, असे कानावर आले. दोन वर्षांनी गेले. निरोप मिळाला होता. मी गेलो नाही. मार्चअखेर होती.

ते वृद्ध गृहस्थ कोट चढवून निघाले. जाताना त्यांनी बारमनला काहीतरी सांगितले आणि आमच्यापुढे दोन पाइंट आले. जावई म्हणाला, "बाबा, आपली पाळी राहिली त्यांना द्यायची." मी उठून दारापर्यंत गेलो, पण ते दफनभूमीच्या भिंतीच्या कडेने बरेच पुढे गेले होते. परत येऊन बसलो. ग्लासातला फेस अजून खाली बसत होता. जेवायची वेळ टळली होती. जावयाने विचारले, "निघू या का?"

म्हटले, "बसू थोडा वेळ."