ट्रॉली ओढण्यास ट्रॅक्टर कोणता घ्यावा?

ऊस कारखान्यावर पोंचविण्याकरितां ट्रॅक्टर घ्यावयाचा म्हटला कीं आपले शेतकरी बंधु प्रथम विचारतात, 'किती अश्वशक्तीचा?' आम्हींही एकदां हाच प्रश्न केला व विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून ५५ अश्वशक्तीचें यंत्र दारांत आणून उभें केलें. जमीन आठ एकर, ट्रॉली एक. यंत्र अर्ध्या ओझ्यावर चालूं लागलें, पण डिझेल कांहीं अर्धें पिईना. कर्जाचे हप्ते फिटण्यापूर्वींच तें आम्हांस विकावें लागलें. महसूल खात्यांत उभी नोकरी आंकडेमोडींत घालविलेल्या माणसानें असें फसावें हें लाजिरवाणें खरें. परंतु वाचकांनीं तरी त्या वाटेनें जाऊं नये, म्हणून हा लेख.

हिशेब असा. ट्रॅक्टर, ट्रॉली व ऊस मिळून १० टन वजन धरूं. चांगल्या सपाट डांबरी रस्त्यावर टनामागें सुमारें २० किलो ओढ लागते, म्हणजे एकूण २०० किलो. तासीं २० किलोमीटर वेगास त्याकरितां १५ अश्वशक्ति पुरते. वीस हातांस एक हात चढ लागला कीं ओढ ५०० किलोंनीं वाढून ७०० होते. परंतु खालच्या गिअरमध्यें तासीं १० किलोमीटरनें चढल्यास २६ अश्वशक्तींत काम भागतें. गिअर व चाकें यांत खर्ची पडणारी शक्ति आणि शेतांतील मऊ वाट जमेस धरली, तरी एवढ्या ओझ्यास ४० ते ४५ अश्वशक्तीचें यंत्र पुरेसें आहे. त्याहून फार लहान घेतल्यास तें चढावर काळा धूर ओकतें. फार मोठें घेतल्यास तें कमी ओझ्यावर चालून कामाच्या मानानें अधिक डिझेल जाळतें.

डिझेलचा खप विक्रेत्याच्या तोंडून ऐकूं नये. मध्य प्रदेशांत बुदनी येथें ट्रॅक्टरांची परीक्षा घेणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तिचा अहवाल मागावा. एक किलोवॉट-तास कामास किती ग्रॅम डिझेल लागलें, हा आंकडा त्यांत पाहावा. समजा, एका यंत्राचा आंकडा २५० व दुसऱ्याचा २८० आहे. २० किलोवॉटचें काम चालूं असतां तासास ६०० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पाऊण लिटर अंतर पडतें. हजार तासांत तें सातशें लिटरांवर जातें. किंमतींतील थोडी सवलत त्यापुढें काय टिकणार?

आणखी एक गोष्ट. जें ओढावयाचें तें थांबवितांही आलें पाहिजे. ट्रॉलीस स्वतःचे ब्रेक नसल्यास उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरास मागून रेटते. रस्त्यावर ब्रेकचीं दोन्ही पायदानें एकत्र जोडलेलीं असावीं, आणि डिझेल वाचविण्यासाठीं उतारावर गिअर कधींही काढूं नये. तो घोटभर तेलासाठीं जिवाचा सौदा होय.

तेव्हां आपला ऊस, आपली वाट व वाटेवरील चढ आधीं कागदावर मांडावे, आणि मगच विक्रेत्याची पायरी चढावी.