गीझरचा दिवा विझेपर्यंत

तुमच्याकडे योगा मॅट आहे? असेल, तर आत्ता ती नेमकी कुठे आहे? माझी कपाट आणि भिंतीमधल्या फटीत उभी होती. जांभळी, सॉलिड जाड, ऑनलाइन सेलमध्ये अकराशे रुपयांना घेतलेली. पहिले आठ दिवस तिच्यावर मी होतो. उन्हाळ्यात आईने ती गच्चीत नेली आणि प्लॅस्टिकच्या कागदाखाली अंथरून वर पापड वाळत घातले. माझ्यापेक्षा पापडांचीच तिच्यावर जास्त हजेरी लागली असेल.

मी एकतीस वर्षांचा, मुक्काम डोंबिवली. सकाळची आठ चौदाची फास्ट, घाटकोपरला उतरून मेट्रो, मग अंधेरीतलं ऑफिस. दिवसभर खुर्ची, संध्याकाळी कॉल, घरी यायला नऊ. यात योगा कुठे बसवणार, बॉस? हा प्रश्न मी सगळ्यांना विचारायचो. उत्तर नकोच असायचं, म्हणून विचारायचो.

146/94

2023च्या नोव्हेंबरमध्ये ऑफिसात हेल्थ चेकअप झालं. नर्सने पट्टा गुंडाळला, आकडा बघितला, पुन्हा गुंडाळला. 146/94. ‘धावत आलात का?’ तिने विचारलं. मी अर्धा तास लाइनमध्ये बसून होतो.

ट्रेनमध्ये तो कागद खिशात होता आणि डोळ्यांसमोर बाबा होते. बाबांची बायपास झाली तेव्हा ते त्रेपन्न वर्षांचे होते. त्यांचंही आधी कधी काही दुखलं नव्हतं.

फॅमिली डॉक्टरांनी घाबरवलं नाही. आठवडाभर घरी बीपी मोजायला लावलं. ते थोडं जास्तच निघालं. ‘आत्ता लगेच गोळी नको. मीठ कमी करा, चाला, वजन उतरवा, झोपा वेळेवर. योगासनं करणार असाल तर उत्तम, पण रोज. तीन महिन्यांनी या,’ ते म्हणाले. त्यातला ‘रोज’ हा शब्दच जड होता.

एक जानेवारीचा मुहूर्त

मग मी ते सगळं केलं, जे आपण सगळेच करतो. मॅट पुसून काढली, ॲप डाउनलोड केलं, पाचचा अलार्म लावला. 1 जानेवारी 2024ला एक तास योगा. दोन तारखेलाही. तीन तारखेला मांड्या इतक्या दुखत होत्या की स्टेशनचा जिना चढताना मागचा माणूस ओरडला. नवव्या दिवशी रात्री उशिरा कॉल होता, पाचला उठणं जमलं नाही. दहाव्या दिवशी वाटलं, एकदा खंड पडलाच आहे, तर आता सोमवारपासून नव्याने. तो सोमवार काही आला नाही.

लाज वाटत होती. ऑफिसात कोट्यवधींचे प्रोजेक्ट वेळेत देणारा माणूस स्वतःला वीस मिनिटं देऊ शकत नाही? माझ्यात विलपॉवरच नाही, असा निष्कर्ष काढून मी मोकळा झालो.

21 दिवसांचा फंडा

‘एकवीस दिवस कर, सवय लागते,’ असं मित्र सांगायचे. हा आकडा आला कुठून, ते शोधलं. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनने 1960च्या आपल्या पुस्तकात लिहिलं होतं, की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला किमान एकवीस दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ पुढे गळून पडला आणि चेहऱ्याचा नियम जगातल्या सगळ्या सवयींना लागू झाला!

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेला अभ्यास जास्त कामाचा निघाला. 2010 मध्ये तो छापून आला. प्रत्येकाने एक छोटी गोष्ट निवडायची आणि रोज ठरलेल्या प्रसंगानंतर ती करायची, उदाहरणार्थ नाश्त्यानंतर. सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरतील, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. आणि मला जाम दिलासा देणारी गोष्ट म्हणजे, एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही.

म्हणजे माझी नवव्या दिवसाची दांडी हा गुन्हा नव्हता. दहाव्या दिवशी मी सोडून दिलं, चूक ती होती.

दात घासायची आठवण कोण करतं?

फेब्रुवारीत एकदा सकाळी चहा घेताना आईला म्हटलं, ‘लक्षातच राहत नाही गं.’ ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, ‘दात घासायची आठवण कोण करतं रे तुला? एक काम झालं की दुसरं आपोआप होतं. तसं काहीतरी बघ.’

लॅलीबाईंचा आख्खा अभ्यास आईने पोळपाटावर मांडला होता.

मग मी रोज न चुकता काय करतो ते आठवलं. उठतो, ब्रश करतो, गीझरचं बटण दाबतो. आमचा पंधरा लिटरचा गीझर तापायला साधारण पंधरा-सोळा मिनिटं घेतो. लाल दिवा विझला की पाणी तयार. तेवढा वेळ मी काय करायचो? मोबाइल!

ठरलं. बटण दाबलं की मॅट. दिवा विझला की बंद. एक मिनिटही जास्त नाही. पाचचा अलार्म रद्द, ॲप डिलीट. मॅट कपाटामागून काढून बाथरूमशेजारी ठेवली. डॉक्टरांना विचारून घेतलं. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये योग शिकवणाऱ्या निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांच्याकडे आठ रविवार जाऊन आसनं नीट शिकलो. ‘बीपी आहे ना? मग शीर्षासन नको आणि श्वास कोंडायचा नाही,’ ही त्यांची पहिली ताकीद.

पंधरा मिनिटांत होतं ते असं: ताडासन, सावकाश चार सूर्यनमस्कार, भुजंगासन, पवनमुक्तासन, पाच मिनिटं अनुलोम-विलोम आणि उरलेला वेळ शवासन. बस्स.

मे महिन्यात विकेट पडली

मार्च-एप्रिल झकास गेले. मग मे आला. डोंबिवलीच्या उकाड्यात गरम पाण्याने आंघोळ कोण करतो? गीझर बंद, म्हणून योगाही बंद! तीन-चार दिवसांनी लक्षात आलं, की बटण दाबलंच जात नाही. सवय माझ्यापेक्षा त्या बटणाला जास्त चिकटली होती.

या वेळी सोमवारची वाट पाहिली नाही. डब्यासाठी आई कुकर लावते, तीच उन्हाळ्याची खूण ठरली. कुकर चढला की मॅट, वाफ गेली की आंघोळ. जूनमध्ये पाऊस आला आणि गीझर परत ड्यूटीवर रुजू झाला.

संसारी माणसाचा योग

माझा एक गैरसमज होता. योग म्हणजे ज्यांना डेडलाइन नाही अशा लोकांचं काम. पण आपल्याच मुंबईत श्री योगेंद्र यांनी 1918 मध्ये योग इन्स्टिट्यूट सुरू केली, ती नोकरी-धंदा, घरदार सांभाळणाऱ्यांसाठी. आज ती सांताक्रूझला आहे. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम उभं केलं आणि आसनांच्या वेळी ब्लडप्रेशर मोजण्याचे, एक्स-रे काढण्याचे प्रयोग त्याच दशकात केले. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी कारभार सांभाळून सूर्यनमस्कार घालायचे आणि त्यांनी संस्थानातल्या शाळांतही ते सुरू केले. यांतलं कुणी रिकामटेकडं नव्हतं.

पतंजलींनी तर अभ्यास पक्का व्हायला तीनच अटी सांगितल्यात: दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने. एक तास करा, असं कुठेही म्हटलेलं नाही.

पुन्हा पट्टा

तीन महिन्यांनी जायचं होतं, पण माझी गाडी फेब्रुवारीत सुटली, त्यामुळे मी जूनमध्ये गेलो. 132/84. मी हवेत. डॉक्टरांनी खाली आणलं. ‘सगळं श्रेय योगाला देऊ नका. मीठ कमी केलंत, चार किलो उतरवलेत, झोपताय. आणि पुढे गोळी लागली तर घ्यायचीच. योगा करतो म्हणून टाळायची नाही.’

पटलं. पण लवकर झोपायला लागलो, कारण सकाळी मॅट वाट बघते. फरसाणाची पुडी परत ठेवतो, कारण सकाळचे कष्ट वाया जातील असं वाटतं. पंधरा मिनिटांनी बाकीचा दिवसही थोडा सरळ केला, एवढं मात्र नक्की.

आणखी एक झालं. बाबा आता शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि माझ्याबरोबर अनुलोम-विलोम करतात. बायपासनंतर आम्ही दोघं त्या विषयावर कधी बोललोच नव्हतो. अजूनही बोलत नाही. पण एखाद्या सकाळी मी मोबाइल घेऊन बसलो, की बाथरूमकडे बघत ते हाक मारतात, ‘अरे, लाल दिवा लागलाय!’

सुरुवात करायचीय?

• रोज आपोआप होणारं एक काम निवडा. गीझर, कुकर, चहाचं आधण, काहीही. त्यालाच योग जोडा.

• वेळ इतका कमी ठेवा, की वाईट दिवशीही जमेल. पाच मिनिटंही चालतील.

• मॅट नजरेसमोर ठेवा. कपाटामागची मॅट कुणी काढत नाही.

• एक दिवस चुकला तर चुकू दे. सलग दुसरा चुकवू नका.

• आसनं आधी शिक्षकांकडून शिका. बीपी, पाठ किंवा मानेचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारूनच.